मृग लागला म्हणजे आकाशात नेमकं काय झालं?

जूनचा पहिला आठवडा सरत आला की महाराष्ट्रात घरोघरी एकच विषय निघतो: मृग लागला का? कोकणात त्याला मिरग म्हणतात आणि त्या दिवशी राखणदाराला कोंबडा देण्याची रीत आजही पाळली जाते. देशावर बियाणं-खताची जुळवाजुळव सुरू होते. पहिल्या सरीनंतर बांधावरच्या ओल्या मातीत लालभडक मखमली किडे चालताना दिसतात, त्यांनाही आपण ‘मृगाचे किडे’ म्हणतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात ७ किंवा ८ जूनच्या चौकटीत बारीक अक्षरात ‘सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश’ असं छापलेलं असतं.

त्या रात्री आभाळ मोकळं असलं तर बाहेर जाऊन मृग शोधून पाहा. तो सापडणार नाही. रात्री नऊला नाही, मध्यरात्री नाही, पहाटेही नाही. चार कोपऱ्यांतले चार ठळक तारे, मधोमध एका रेषेतले तीन, खाली लखलखणारा व्याध हे चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, पण ते हिवाळ्यातलं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मृग अगदी डोक्यावर दिमाखात असतो. ज्या महिन्यात सगळा महाराष्ट्र त्याचं नाव घेतो, नेमक्या त्याच महिन्यात तो दिसत नाही.

ही पंचांगाची चूक नाही. मृग लागला या वाक्याचा खरा अर्थच मुळी असा आहे की आता मृग दिसणार नाही, कारण आपल्या आणि त्याच्या मधे सूर्य आला आहे.

देवळात गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालताना कधी लक्ष दिलंत? गाभारा जागच्या जागी असतो, पण आपण चालू लागलो की त्याच्या पलीकडे दिसणारा खांब बदलत जातो. सुरुवातीला पाठीमागे दीपमाळ असते, मग वृंदावन येतं, मग महाद्वार. फेरी पूर्ण झाली की पुन्हा दीपमाळ. पृथ्वी सूर्याभोवती वर्षभरात अशीच एक फेरी घालते. त्यामुळे सूर्याच्या पाठीमागची ताऱ्यांची पार्श्वभूमी रोज थोडी थोडी सरकते. आपल्या पूर्वजांनी या पूर्ण वर्तुळाचे २७ सारखे भाग केले आणि प्रत्येकाला तिथल्या ताऱ्यांवरून नाव दिलं. ३६० अंश भागिले २७ म्हणजे प्रत्येक नक्षत्राच्या वाट्याला १३ अंश २० कला (एका अंशाच्या ६० कला). सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकताना दिसतो, म्हणून एका नक्षत्रात तो तेरा-चौदा दिवस राहतो. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. शेतकऱ्याच्या तोंडी असलेलं पावसाचं सगळं वेळापत्रक हे असं आहे. पुनर्वसूचा तो ‘तरणा पाऊस’ आणि पुष्याचा ‘म्हातारा पाऊस’.

इथे एक गोंधळ पुष्कळांचा होतो. कॅलेंडरात रोजच्या रकान्यात जे नक्षत्र छापलेलं असतं ते चंद्राचं. चंद्र सव्वासत्तावीस-साडेसत्तावीस दिवसांत पूर्ण फेरी मारतो, म्हणजे रोज साधारण एक नक्षत्र. त्यामुळे मृग हे नाव दर महिन्याला एखाद्या तारखेला येतंच, अगदी उन्हाळ्यातही. पावसाच्या बोलण्यातलं नक्षत्र मात्र सूर्याचं, ते वर्षातून एकदाच.

आता प्रश्न असा की सूर्याच्या पाठीमागे कोणते तारे आहेत हे जुन्या लोकांना कळलं कसं? दिवसा तर तारे दिसत नाहीत. त्यांनी दोन वाटा वापरल्या. एक म्हणजे सूर्य उगवायच्या जरा आधी पूर्वेला आणि मावळल्यावर जरा वेळाने पश्चिमेला कोणते तारे आहेत ते पाहायचं. सूर्य या दोघांच्या मधे कुठेतरी आहे हे उघड होतं. दुसरी वाट पौर्णिमेची. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. तो ज्या नक्षत्रात दिसेल त्याच्या समोरच्या बाजूला सूर्य आहे, असं समजायचं. आपल्या महिन्यांची नावं याच पौर्णिमेवरून पडली. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, कृत्तिकेजवळ तो कार्तिक, आणि मृगशीर्षाजवळ तो मार्गशीर्ष. म्हणजे दत्तजयंतीच्या रात्री पूर्ण चंद्र मृगाच्या आसपास असतो आणि मृगाचा पाऊस त्याच्या सहा महिने आगेमागे येतो. मृगाची ही दोन टोकं एकाच वर्तुळावर समोरासमोर आहेत. एकदा हे डोळ्यांसमोर आलं की पंचांग ही आकड्यांची जंत्री राहत नाही, तिथून पुढे ते आकाशाचा नकाशा म्हणून वाचता येतं.

तिसरी वाट आहे ती खग्रास ग्रहणाची. काही मिनिटं सूर्य झाकला जातो आणि भर दिवसा पाठीमागचे तारे दिसू लागतात. २९ मे १९१९ रोजी असं एक ग्रहण झालं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले होते आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्राल इथे होती. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, आणि आइन्स्टाइन म्हणतात तितकाच वाकतो का, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी सूर्याच्या अगदी लगत भरपूर ठळक तारे हवेत. ते ग्रहण त्या दृष्टीने फारच सोयीचं होतं, कारण त्या दिवशी सूर्य ‘हायडीज’ नावाच्या तारकागुच्छासमोर होता. हायडीज म्हणजे आपला रोहिणी शकट! आपल्याकडे त्या आठवड्यात शेतकरी ‘रोहिणी लागली’ म्हणत असणार, आणि प्रिन्सिपे व सोब्रालमध्ये रोहिणी शकटाच्याच ताऱ्यांचे फोटो काढले जात होते. त्या फोटोंच्या मोजमापाचा निकाल ६ नोव्हेंबर १९१९ ला लंडनमध्ये जाहीर झाला आणि आइन्स्टाइन जगभर माहीत झाले. ‘सूर्य रोहिणीत आहे’ हे वाक्य किती शब्दशः खरं असू शकतं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आज त्यासाठी ग्रहणाचीही वाट पाहावी लागत नाही. सूर्याचा अभ्यास करायला १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो यानावरच्या एका कॅमेऱ्यात सूर्याची तबकडी चकतीने झाकलेली असते आणि भोवतालचे तारे दिसतात. दर मे महिन्यात कृत्तिकेचा झुबका त्या चित्रातून सरकत जाताना कुणालाही इंटरनेटवर बघता येतो.

पण ‘मृगात’ या शब्दात एक फसगत आहे आणि ती सांगायलाच हवी. सूर्य मृगात गेला म्हणजे मृगाच्या जवळ गेला असं नाही. मृग ही जागा नाही, दिशा आहे. व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे, मृगाच्या पायाचा निळसर राजन्य आठशेहून जास्त प्रकाशवर्षांवर, आणि तांबूस काक्षी त्याच्या अलीकडे कुठेतरी पाच-सातशे प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला मात्र आठ मिनिटं पुरतात. हे सगळे एका सपाट पडद्यावर टाचल्यासारखे दिसतात इतकंच. त्यांचा एकमेकांशी शेजार नाही, आणि इतक्या लांबच्या ताऱ्यांना आपल्या ढगांशी काही देणंघेणं असण्याचा प्रश्नच येत नाही. जूनमध्ये पाऊस येतो तो मृगामुळे नाही. मृगाच्या दिशेला सूर्य असतो त्या दिवसांत पृथ्वी आपल्या कक्षेत अशा ठिकाणी असते की उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, भारताची जमीन तापलेली असते आणि समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे आत येतात. नक्षत्र ही त्या वेळेची खूण आहे, कारण नव्हे.

मग बोलण्यातला सूर्य ‘सरकतो’, ‘उगवतो’, ‘प्रवेश करतो’ हे अशास्त्रीय म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की तारे फिरत नाहीत, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. तरी त्यानेही सूर्योदयाची आणि ग्रहणांची गणितं मांडली ती पृथ्वीवर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेनेच. आजच्या वेधशाळेतही दुर्बीण वळवताना ‘तारा किती वाजता उगवतो’ असंच विचारतात. जिथून बघतो तिथून वर्णन करणं ही सोय आहे आणि गणित चोख असेल तर त्यात खोट नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने आकाशाचे ८८ तारकासमूह ठरवले आहेत, तेही पृथ्वीवरून दिसणाऱ्या दिशांचे तुकडेच आहेत. शास्त्रज्ञ ‘मृगातला तेजोमेघ’ म्हणतो तेव्हा त्यालाही दिशाच सांगायची असते.

उलट या रोजच्या बोलण्यात किती बारीक निरीक्षण मुरलेलं आहे ते बघण्यासारखं आहे. पावसाळ्यातली नक्षत्रं जवळजवळ पूर्ण चौदा-चौदा दिवसांची असतात. ८ जून, २२ जून, ६ जुलै, २० जुलै असा हिशेब चालतो. हिवाळ्यातली मात्र तेरा-तेरा दिवसांतच सरतात. कारण पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते आणि हळू चालते. जानेवारीच्या सुरुवातीला ती १४.७ कोटी किलोमीटरवर येते आणि वेग वाढतो. केपलरने सतराव्या शतकात नियमात बसवलेली ही गोष्ट तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दर वर्षी छापून येते.

इथवर सगळं जुळतं. पण मोठ्या काळात हे वेळापत्रक निसटत जातं, आणि या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग तोच आहे.

वर्ष मोजायच्या दोन तऱ्हा आहेत. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्याशी आला की एक वर्ष, हे नाक्षत्र वर्ष. ते ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचं. दुसरी तऱ्हा ऋतूंची. दिवस-रात्र समान होण्याच्या मार्चमधल्या दिवसापासून पुढच्या तशाच दिवसापर्यंत एक वर्ष, ते ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचं. दोन्हींत वीस मिनिटांचा फरक आहे. पंचांगातली नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली, पाऊस ऋतूला बांधलेला. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण साधारण ७१-७२ वर्षांत त्याचा एक पूर्ण दिवस होतो.

हे वीस मिनिटांचं अंतर येतं कुठून? पृथ्वी अगदी गोल चेंडू नाही. विषुववृत्तावर तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त आहे. तिचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे हा फुगवटाही तिरपा आहे, आणि सूर्य-चंद्र त्याला ओढून सरळ करू पाहतात. फिरत्या पृथ्वीवर या ओढीचा परिणाम असा होतो की आसाचा कल तेवढाच राहतो पण त्याची दिशा हळूहळू वळत जाते. एक पूर्ण वळसा सुमारे २६ हजार वर्षांचा. आस ज्या दिशेला झुकलेला त्यावरून ऋतू ठरतात, म्हणून ऋतू ताऱ्यांच्या तुलनेत मागे सरकतात. ग्रीक ज्योतिषी हिपार्कस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हे सरकणं ओळखलं. आपल्याकडे त्याला अयनचलन म्हणतात.

लग्नात नवरानवरीला दाखवतात तो अढळ ध्रुवही यातून सुटलेला नाही. साडेचार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवावर वेगळाच, फिकट तारा होता. आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित हा तारा तिथे जवळ येईल. माणसाच्या आयुष्यापुरता म्हणाल तर आजचा ध्रुव अढळच आहे.

सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण संक्रांतीचं. मकरसंक्रांत म्हणजे उत्तरायणाची सुरुवात असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही प्रसंग एकत्र होते, आता त्यांच्यात तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं आहे. आणि १४ जानेवारी ही तारीखही कायमची नाही. स्वामी विवेकानंद जन्मले ते संक्रांतीच्या दिवशी, तारीख होती १२ जानेवारी १८६३. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, म्हणून ‘ऐन संक्रांतीला पानिपत झालं’ असं आपण ऐकत आलो आहोत. पण त्या काळात संक्रांत ९-१० जानेवारीच्या सुमारास पडत होती. सदाशिवराव भाऊंच्या सैन्याची संक्रांत चार-पाच दिवस आधीच उपासमारीत गेली होती. आजच्या तारखेवरून जुना सण मोजला की अशी गल्लत होते.

हेच सरकणं घड्याळासारखं वापरून लोकमान्य टिळकांनी वेदांचा काळ काढण्याचा प्रयत्न केला. वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान होण्याचा बिंदू, एक नक्षत्र ओलांडायला साडेनऊशे वर्षांच्या वर घेतो. जुन्या ग्रंथांतल्या उल्लेखांवरून तो बिंदू मृगात होता असं त्यांनी मांडलं आणि तो काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्या आसपासचा ठरवला. १८९३ साली हे पुस्तकरूपाने आलं, त्याचं नाव ‘ओरायन’, म्हणजे आपला मृगच. जर्मनीत संस्कृतचे अभ्यासक याकोबीही स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला पोचले होते. वचनांचा अर्थ तसाच लावायचा का यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण गणिताची पद्धत बिनचूक आहे.

मग पावसाचं काय? दीड हजार वर्षांपूर्वी, वराहमिहिराच्या काळी, सूर्य मृगात शिरायचा तो आजच्या मोजणीने मेच्या मध्याच्या जरा पुढे. आणखी दोन हजार वर्षांनी तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात शिरेल. आस कललेला राहील तोवर उन्हाळ्यामागून पावसाळा त्याच त्याच दिवसांत येत राहील, पण त्याला मृगाचं नाव लावता येणार नाही. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण रब्बीच्या पेरणीआधीच्या ऑक्टोबरअखेरच्या पावसाबद्दल आहे. ती ज्यांनी प्रथम म्हटली त्यांचा अनुभव खरा होता, पण तो ऋतूचा होता. स्वातीला चिकटून राहिलो तर तीच म्हण काही शतकांनी भलत्याच आठवड्यात जाऊन पडेल.

पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात जे ‘वाहन’ देतात त्याचंही तसंच. बेडूक, म्हैस, हत्ती आलं की पाऊस जास्त, कोल्हा-मेंढा आलं की ओढ, असं आपण धरतो. हे वाहन ठरतं सूर्याचं नक्षत्र आणि चंद्राचं नक्षत्र यांतलं अंतर मोजून, त्याला ९ ने भागून उरणाऱ्या बाकीवरून. त्यात वारा, ढग, समुद्राचं तापमान यातलं काहीही येत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीला आणि पाचशेच्या आगेमागे असणाऱ्या माण तालुक्याला एकच वाहन मिळतं. मुलांना आजी वाहन सांगते त्यात गोडवा आहे, तो जपावा. पेरणी मात्र त्यावर ठरवू नये, हे मी पोटतिडिकीने सांगतो. मृगाची पहिली सर आली म्हणून बी मातीत टाकायचं, मग दोन आठवडे पाऊस गायब, आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज, हे दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात घडतं. कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेल्याशिवाय पेरू नका. ती ओल नक्षत्र बघून कळत नाही, टिकाव मारून कळते.

आपली पंचांगं या सरकण्याचा हिशेब ठेवतात, पण सगळी एकमताने नाही. तारावर्तुळाची सुरुवात नेमकी कुठून धरायची यावरच वाद आहे. टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीला येते, बहुतेक इतर पंचांगांत १४-१५ ला. आकाश तेच आहे, पट्टीचा शून्य वेगळ्या जागी ठेवला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकातच सायन, म्हणजे ऋतूला बांधलेल्या पंचांगाचा आग्रह धरला होता. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९५५ मध्ये तिचा अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिचे महिने ऋतूंना बांधलेले आहेत. आकाशवाणीच्या सकाळच्या घोषणेत आणि राजपत्रावर ती असते, घरात फारशी कुणी वापरत नाही.

सण-व्रतं परंपरेने आहेत तशी चालावीत, त्यात ढवळाढवळ करायचं मला कारण दिसत नाही. शेतीचं वेळापत्रक मात्र ऋतूशी बांधलेल्या महिन्यांत मांडायला हवं असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी नवीन काही शोधावंही लागत नाही. राष्ट्रीय दिनदर्शिकेत ज्येष्ठ दरवर्षी २२ मेला सुरू होतो आणि आपण ज्याला मृगाचा दिवस म्हणतो तो ८ जून म्हणजे १८ ज्येष्ठ. सूर्य त्या दिवशी मृगात असो वा पुढे कधी रोहिणीत, १८ ज्येष्ठाला पृथ्वीचा उत्तर गोलार्ध सूर्याकडे आजच्याइतकाच झुकलेला असेल.